सॉफ्टवेअर चाचणी-व्यवस्थापन साधन

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाकडून काम करवून घेणाऱ्या आज्ञावल्यांचा समूह. अशा आज्ञावलीच्या चाचणीची योजना, प्रत्यक्ष घेतलेल्या चाचण्या, त्यांचे निष्कर्ष आणि आढळलेले दोष यांच्या परस्परसंबद्ध नोंदी ठेवणाऱ्या संगणकीय प्रणालीस चाचणी-व्यवस्थापन साधन म्हणतात. चाचणी स्वतः पार पाडणाऱ्या साधनाहून ते भिन्न आहे. माणसाऐवजी कळा दाबून व पडद्यावरील उत्तर पडताळून पाहणारे साधन हे स्वयंचलित चाचणीचे साधन होय. कोणती चाचणी कशासाठी, कोणी, केव्हा व आज्ञावलीच्या कोणत्या आवृत्तीवर घेतली आणि तीतून काय निष्पन्न झाले, हे सांगणारे साधन मात्र चाचणी-व्यवस्थापनाचे असते. पहिल्याची तुलना प्रयोगशाळेतील उपकरणाशी केली, तर दुसरे त्या प्रयोगशाळेच्या नोंदवहीच्या जागी आहे.

ही नोंदवहीदेखील एक आज्ञावलीच असल्याने तिलाही आयुष्य असते. ती तयार होते, विकली जाते, तिच्या नव्या आवृत्त्या निघतात, तिची मालकी बदलते व एके दिवशी ती मोडीत निघते. परंतु तीत लिहिलेली नोंद तिच्याहून अधिक काळ टिकणे आवश्यक असते. विमान, रुग्णालयातील उपकरण किंवा बँकेची लेखाप्रणाली वीस-तीस वर्षे वापरात राहते. तिच्या चाचणीची नोंद ठेवणारे साधन एवढ्या काळात दोन-तीनदा तरी बदलते. या दोन आयुष्यांमधील तफावत हाच अशा साधनाच्या व्यवस्थापनातील मुख्य प्रश्न आहे.

घटक व कार्य : या साधनातील मूळ एककास व्यवहारात टेस्ट केस म्हणतात. आज्ञावलीस कोणती माहिती द्यावयाची, कोणत्या स्थितीत द्यावयाची व तिच्याकडून कोणते उत्तर अपेक्षित आहे, हे तीत लिहिलेले असते. उदा., खात्यात पुरेशी शिल्लक नसल्यास रोकड देऊ नये, ही एटीएम यंत्राविषयीची एक अपेक्षा आहे. तिच्यासाठी शिल्लक शून्य असणे, मागितलेल्या रकमेइतकीच असणे, एक रुपयाने कमी असणे आणि नोटा मोजल्या जात असतानाच वीज जाणे अशा निरनिराळ्या टेस्ट केस लिहाव्या लागतात. अशा अनेक टेस्ट केसचा गट, त्या घेण्याचे वेळापत्रक, लागणारी यंत्रे व माणसे यांचा विचार चाचणी-योजनेत केलेला असतो. चाचणी घेतली की तिची तारीख, आज्ञावलीची आवृत्ती व उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण असा निकाल यांची नोंद होते. अनुत्तीर्ण चाचणीतून दोषाची नोंद निर्माण होते व ती आज्ञावली लिहिणाऱ्याकडे जाते.

या नोंदी सुट्या असून भागत नाही. अपेक्षेपासून चाचणीपर्यंत, चाचणीपासून निकालापर्यंत व निकालापासून दोषापर्यंत दुवे जोडलेले असावे लागतात. या सांगडीमुळे दोन्ही दिशांनी शोध घेता येतो. एखादी अपेक्षा बदलली, तर कोणत्या चाचण्या पुन्हा घ्याव्या लागतील हे कळते. उलट एखादी चाचणी अनुत्तीर्ण झाली, तर ग्राहकास दिलेले कोणते आश्वासन धोक्यात आले आहे हे समजते. कागदी तक्त्यांवर किंवा एक्सेलच्या पत्रकांवर लहान कामाची नोंद ठेवता येते; परंतु अनेक माणसे एकाच वेळी काम करू लागली आणि आवृत्त्यांची संख्या वाढली, की हे दुवे हाताने जपणे अशक्यप्राय होते. चाचणी-व्यवस्थापन साधनाची गरज येथूनच उत्पन्न झाली.

पूर्वपीठिका : चाचणीची नोंद वस्तूबरोबर राहिली पाहिजे, ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. भारतातील बाष्पित्रांविषयीचा, म्हणजे बॉयलरविषयीचा, १९२३ चा कायदा हे तिचे उत्तम उदाहरण होय. या कायद्यान्वये प्रत्येक बाष्पित्रास नोंदणी क्रमांक मिळे, निरीक्षक त्याची दाबाखालील चाचणी घेई आणि ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र देई. बाष्पित्र एका प्रांतातून दुसऱ्यात नेले, तर त्या स्थलांतराची रीतसर वर्दी दिल्याशिवाय ते वापरण्यास मनाई होती. बाष्पित्राचा ताबा दुसऱ्याकडे देणाऱ्या मालकावर त्याचे प्रमाणपत्रही नव्या ताबेदाराच्या स्वाधीन करण्याचे बंधन होते. २०२५ मध्ये या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली.

नागपूर जिल्ह्यात या व्यवस्थेचा परिचय जुना आहे. कन्हान हे पारशिवनी तालुक्यातील गाव कन्हान नदीच्या काठी, कामठीच्या पलतीरी वसलेले असून तेथून रामटेककडे रेल्वेचा फाटा निघतो. सभोवार दगडी कोळशाच्या खाणी आहेत आणि त्या कोळशाच्या आधाराने याच परिसरात कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक वीजकेंद्रे उभी राहिली. कोराडी येथील पहिला संच १९७४ मध्ये सुरू झाला. वीजकेंद्रातील संच जुना होतो, त्याची देखभाल करणारी माणसे निवृत्त होतात, मंडळाची कंपनी होते. तरी बाष्पित्राची कोणती नळी केव्हा तपासली याची नोंद तुटून चालत नाही, कारण तीवर माणसांचे प्राण अवलंबून असतात. सॉफ्टवेअरच्या बाबतीत हाच धडा उद्योगाला पुन्हा एकदा शिकावा लागला. फरक इतकाच की, बाष्पित्राची नोंद कागदावर होती व कागद वाचण्यास दुसरे यंत्र लागत नसे. सॉफ्टवेअरच्या चाचणीची नोंद मात्र जिच्यात ठेवली ती आज्ञावली चालू असेपर्यंतच सुगम असते.

चाचणीविचाराचा विकास : संगणकाच्या आरंभकाळात आज्ञावली लिहिणे व तीतील चुका दुरुस्त करणे ही एकच क्रिया मानली जाई. चूक शोधून काढून टाकणे आणि आज्ञावली अपेक्षेप्रमाणे काम करते की नाही हे पडताळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा भेद १९५० नंतरच्या दशकात स्पष्ट होऊ लागला. १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे व १९६९ मध्ये रोम येथे भरलेल्या परिषदांत मोठ्या आज्ञावल्यांच्या निर्मितीतील अपयशाची चर्चा झाली. चाचणीने दोष असल्याचे सिद्ध होते, परंतु दोष नसल्याचे कधीच सिद्ध होत नाही, हे डच शास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांचे मत याच काळातील आहे. त्याचा व्यावहारिक अर्थ असा की, नुसता ‘उत्तीर्ण’ हा शेरा निरर्थक ठरतो. काय तपासले व काय तपासले नाही हे लिहिलेले असेल, तरच त्या शेऱ्यास मोल येते. ग्लेनफर्ड मायर्स यांच्या १९७९ मधील ग्रंथाने दोष शोधण्याच्या हेतूने केलेली कृती म्हणजे चाचणी, ही व्याख्या रूढ केली.

नोंदींना प्रमाणित स्वरूप मिळाले ते १९८३ मध्ये. अमेरिकेतील विद्युत् व इलेक्ट्रॉनिक अभियंत्यांच्या आयट्रिपलई या संस्थेने ८२९ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले व त्यात योजना, आराखडा, टेस्ट केस, कार्यपद्धती, सुपूर्दनामा, रोजनामा, घटना-अहवाल व सारांश असे आठ प्रकारचे दस्तऐवज नमूद केले. पुढे १९९८ व २००८ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या आणि २०१३ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या २९११९ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय मानकमालेने त्याची जागा घेतली. चाचणी-व्यवस्थापन साधनांतील बहुतेक रकाने या आठ दस्तऐवजांतूनच उतरले आहेत.

नोंद अपुरी असल्यास काय घडते, याचे एक बोलके उदाहरण ४ जून १९९६ रोजी दिसले. यूरोपच्या आरियान-५ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण सु. ४० सेकंदांतच स्फोटात संपले. दिशा व गती सांगणाऱ्या यंत्रणेतील आज्ञावली आरियान-४ वरून तशीच घेतलेली होती. जुन्या अग्निबाणाच्या मार्गासाठी ती निर्दोष होती. नव्याच्या अधिक वेगामुळे एक संख्या तिला दिलेल्या जागेत मावली नाही व यंत्रणा बंद पडली. चौकशी मंडळास असे आढळले की, या यंत्रणेच्या अपेक्षापत्रात आरियान-५ च्या मार्गाची माहितीच नव्हती आणि त्या मार्गानुसार तिची चाचणी घेतलेली नव्हती. आज्ञावली पुढे गेली, पण ती कोणत्या गृहीतावर तपासली होती हे ज्ञान तिच्याबरोबर गेले नाही.

साधनांचा उदय व हस्तांतरे : १९९० नंतरच्या दशकात चाचणी-व्यवस्थापन साधने स्वतंत्र वस्तू म्हणून बाजारात आली. त्यांच्या दोन प्रमुख वंशावळी सांगता येतात. पहिली मर्क्युरी इंटरॅक्टिव्ह या १९८९ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीच्या टेस्टडिरेक्टर या साधनाची. त्याचेच पुढे क्वालिटी सेंटर असे नामांतर झाले. २००६ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने सु. ४·५ अब्ज डॉलरना मर्क्युरी विकत घेतली. २०१५ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डचे विभाजन झाले, २०१७ मध्ये तिचा सॉफ्टवेअर विभाग ब्रिटनच्या मायक्रो फोकसमध्ये विलीन झाला आणि २०२३ मध्ये कॅनडाच्या ओपनटेक्स्टने मायक्रो फोकस घेतली. अशा रीतीने सतरा वर्षांत हे साधन अनेक मालकांच्या हातून गेले. वापरणाऱ्या संस्थेने काहीही बदल केलेला नसताना तिच्या करारपत्रावरील दुसऱ्या पक्षाचे नाव पुन्हा पुन्हा बदलले.

दुसरी वंशावळ १९८१ मध्ये स्थापन झालेल्या रॅशनल कंपनीची. १९९७ मध्ये तिने एसक्यूए ही चाचणी साधनांची कंपनी घेतली व त्यातून रॅशनल टेस्टमॅनेजर हे साधन पुढे आले. २००३ मध्ये आयबीएमने सु. २·१ अब्ज डॉलरना रॅशनल विकत घेतली. आयबीएमने जाझ या नावाचा नवा पाया घातला व त्यावर २००८ मध्ये रॅशनल क्वालिटी मॅनेजर हे साधन आणले. जुन्या साधनाची ही सुधारित आवृत्ती नव्हती. ती नव्याने बांधलेली प्रणाली होती व तिचा वापर जालावरून होई. त्यामुळे जुन्या नोंदी नव्यात आणण्यासाठी स्थानांतराची वेगळी उपकरणे द्यावी लागली. अपेक्षा, आज्ञावलीतील बदल व चाचणी या तिन्हींच्या साधनांची एकत्र गुंफण करून २०११ पासून तो संच विकला जाऊ लागला. २०२० च्या सुमारास या संचाचे नाव बदलले आणि क्वालिटी मॅनेजर हे इंजिनिअरिंग टेस्ट मॅनेजमेंट झाले.

या दोहोंच्या जोडीस इतर साधनेही वाढली. १९९८ मध्ये खुला झालेला बगझिला व २००२ मधील जिरा ही दोषनोंदीची साधने होत. त्यांना चाचणीनोंदीची जोडसाधने मिळाली. टेस्टलिंक हे मुक्त साधन लहान संस्थांत लोकप्रिय झाले. मुक्त साधनाचा मालक बदलत नाही, तथापि त्याची देखभाल करणारे स्वयंसेवक विखुरले की तेही थांबते. म्हणजे आयुष्याचा प्रश्न तेथेही सुटत नाही. त्याचे स्वरूप तेवढे बदलते.

महाराष्ट्रातील कार्य : १९६८ मध्ये मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना झाली व फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखाली तिने परदेशी ग्राहकांची कामे मिळविली. १९७३ मध्ये मुंबईत अंधेरी येथे सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजे सीप्झ, सुरू झाले. या आरंभीच्या कामांत एका बनावटीच्या संगणकावरील आज्ञावल्या दुसऱ्या बनावटीच्या संगणकावर उतरवून देण्याचा भाग मोठा होता. अशा कामात नवी आज्ञावली जुनीप्रमाणेच उत्तरे देते, हे दाखविणे हाच कामाचा गाभा असतो. त्यामुळे चाचणीची शिस्त या उद्योगाबरोबरच जन्मली असे म्हणता येईल. १९८१ मध्ये पुण्यात टाटांचे संशोधन, विकास व अभिकल्प केंद्र सुरू झाले व तेथे आज्ञावल्यांचे विश्लेषण करणाऱ्या साधनांवर दीर्घकाळ संशोधन झाले. केंद्र शासनाच्या मानकीकरण, चाचणी व गुणवत्ता प्रमाणन संचालनालयाची एक प्रयोगशाळा मुंबईत असून शासकीय प्रणालींची तपासणी हे या संचालनालयाचे एक कार्य आहे.

१९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ही केंद्र शासनाची संस्था स्थापन झाल्यानंतर पुण्यातील निर्यात झपाट्याने वाढली. साल २००० च्या समस्येने चाचणीस स्वतंत्र व्यवसायाचे स्थान दिले. वर्षाचे दोन अंक चार करणे सोपे होते. कोट्यवधी ओळींच्या आज्ञावलीत त्या बदलाने दुसरे काही बिघडले नाही हे सिद्ध करणे अवघड होते. अमेरिकेतील दिवस संपताना आलेली आज्ञावली भारतातील दिवसभरात तपासून परत पाठविण्याची रीत याच काळात पक्की झाली. अशा दूरस्थ कामात चाचणीची नोंद हाच दोन गटांमधील संवाद असतो. शेजारच्या टेबलावर जाऊन विचारण्याची सोय नसल्याने जे लिहिले नाही ते घडलेच नाही, असे धरले जाते.

महाराष्ट्राचा या साधनांशी संबंध केवळ वापरणाऱ्याचा राहिला नाही. आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या पर्सिस्टंट सिस्टिम्स या कंपनीचा भर आरंभापासून इतर कंपन्यांची विक्रीयोग्य सॉफ्टवेअर उत्पादने घडविण्यावर होता. या कंपनीचे एक केंद्र नागपूर येथेही आहे. २०१६ मध्ये आयबीएम व पर्सिस्टंट यांच्यात झालेल्या सहकार्यान्वये वर उल्लेखिलेल्या जाझ-आधारित संचाच्या अभियांत्रिकी विकासाचे काम पर्सिस्टंटने हाती घेतले. साधनाची मालकी व नाव आयबीएमचेच राहिले. त्याच्या पुढील विकासाची व देखभालीची जबाबदारी मात्र भारतीय अभियंत्यांवर आली.

ही घटना दोन दृष्टींनी अर्थपूर्ण आहे. एक तर, आयुष्याच्या मध्यावर आलेल्या साधनाचा भार ते ज्यांनी घडविले त्यांच्याकडून दुसऱ्यांकडे जाणे ही या उद्योगातील नित्याची गोष्ट आहे. निर्मितीच्या काळात साधनास प्रसिद्धी मिळते. परंतु त्याच्या आयुष्याचा मोठा भाग दोषनिवारण, सुरक्षेच्या दुरुस्त्या, नव्या संगणकांशी जुळवणी व जुन्या ग्राहकांच्या शंकांचे निरसन यांतच जातो. या कामाचे श्रेय क्वचितच कोणाच्या नावावर जमा होते. दुसरे असे की, असे हस्तांतर यशस्वी होण्यासाठी साधनाच्या स्वतःच्या चाचणीची नोंद नव्या गटाच्या हाती यावी लागते. चाचणीच्या नोंदी ठेवणाऱ्या साधनाचे भवितव्यही अखेर त्याच्या चाचणीच्या नोंदींवर अवलंबून असते.

आयुःक्रम व त्याचे व्यवस्थापन : चाचणी-व्यवस्थापन साधनाच्या वापरणाऱ्या संस्थेतील आयुष्याचे निवड, स्थापना, वापर, आवृत्तीबदल, स्थानांतर व निवृत्ती असे टप्पे मानता येतात. निवडीच्या वेळी बहुधा सोयी व किंमत यांचा विचार होतो. नोंदी बाहेर कशा काढता येतील हा प्रश्न मागे पडतो. वस्तुतः साधन स्वीकारतानाच ते सोडण्याची वाट पाहून ठेवणे अगत्याचे असते.

स्थापनेच्या वेळी घेतलेले काही निर्णय पुढे बदलणे कठीण जाते. जाझ-आधारित साधनांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. त्यांत प्रत्येक नोंदीस जालावरील एक पूर्ण पत्ता असतो आणि एका नोंदीपासून दुसरीकडे जाणारा दुवा म्हणजे हा पत्ताच होय. त्यामुळे सेवा देणाऱ्या संगणकाचे सार्वजनिक नाव बदलले, की साठविलेले सर्व दुवे निराधार होतात. २०१२ मधील ४·० या आवृत्तीपासून नाव बदलण्याची सोय देण्यात आली; पण तीही काळजीपूर्वक आखलेल्या क्रमानेच वापरावी लागते. म्हणून संगणकाच्या खऱ्या नावाऐवजी संस्थेच्या ताब्यात कायम राहील असे नाव आरंभीच देण्याचा सल्ला दिला जातो. माहिती साठविण्याचेही असेच आहे. साधनाबरोबर येणारे डर्बी हे छोटे माहितीकोठार केवळ अजमावून पाहण्यापुरते असते. प्रत्यक्ष कामासाठी डीबी-२, ओरॅकल किंवा एसक्यूएल सर्व्हर यांसारखे कोठार लागते. तात्पुरते म्हणून सुरू केलेले काम छोट्या कोठारातच वाढत गेले, तर पुढे सर्व माहिती हलविण्याचा प्रसंग येतो.

आवृत्तीबदल हा सर्वांत वारंवार येणारा टप्पा आहे. साधन एकटे नसते. त्याच्याखाली संगणकाची मूळ प्रणाली, माहितीकोठार, जावा भाषेचे वातावरण व जालसेवा यांचे थर असतात आणि प्रत्येक थराच्या समर्थनाची मुदत वेगळी असते. एका थराची मुदत संपली, की वरच्या थरांनाही हलावे लागते. क्वालिटी सेंटरच्या बाबतीत हा अनुभव ठळकपणे आला. त्याचा पडद्यावरील भाग इंटरनेट एक्स्प्लोअरर या न्याहाळकावर व त्यातील ॲक्टिव्हएक्स या तंत्रावर बांधलेला होता. हा न्याहाळक काळाआड जात जाऊन १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने तो अधिकृतपणे निवृत्त केला व साधनास पडद्यावरील भागाची वेगळी व्यवस्था करावी लागली. साधनात कोणताही बिघाड नसताना ते जुने ठरले, कारण ज्या जमिनीवर ते उभे होते ती सरकली.

म्हणून आवृत्तीबदल थेट वापरातील प्रणालीवर केला जात नाही. तिची हुबेहूब प्रत वेगळ्या संगणकावर उभारून तीवर बदलाची रंगीत तालीम घेतात. लागणारा वेळ मोजतात. नोंदींची संख्या, निवडक दुवे व जोडलेली कागदपत्रे बदलापूर्वी व बदलानंतर ताडून पाहतात. आणि काही बिनसल्यास पूर्वस्थितीवर येण्यासाठी माहितीची राखीव प्रत ठेवतात. अनेक साधने परस्परांशी जोडलेली असल्यास त्या सर्वांची प्रत एकाच क्षणाची असावी लागते. अन्यथा चाचणीची नोंद सोमवारची व दोषाची नोंद मंगळवारची अशी विसंगती निर्माण होते.

प्राणरक्षणाशी संबंधित उद्योगांत चाचणी-साधनाचीही पडताळणी करावी लागते. विमानातील सॉफ्टवेअरविषयीचे १९९२ चे व २०११ चे सुधारित दंडक, मोटारगाड्यांसाठीचे २०११ मधील २६२६२ हे मानक आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे संगणकीय नोंदींविषयीचे १९९७ चे नियम यांचा रोख हाच आहे. वैद्यकीय उपकरणांविषयीच्या १३४८५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार नोंदी उपकरणाच्या आयुष्याइतका काळ आणि किमान दोन वर्षे जपाव्या लागतात. पुण्याच्या परिसरात मोटारगाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक भागांचे काम मोठ्या प्रमाणावर होत असल्याने अशा दंडकांशी तेथील अभियंत्यांचा रोजचा संबंध येतो.

स्थानांतर व निवृत्ती : एका साधनातून दुसऱ्यात जाताना टेस्ट केसचा मजकूर सहज हलतो, दुवे, जुने निकाल व बदलांचा इतिहास हलत नाही. कारण प्रत्येक साधनाची नोंदीची घडण वेगळी असते. एका साधनात टेस्ट केस व तिची कार्यपद्धती या दोन स्वतंत्र नोंदी असतात, तर दुसऱ्यात ती एकच नोंद असते. एक्सेलच्या पत्रकातून माहिती आणण्याची सोय बहुतेक साधनांत आहे. पण पत्रकात मावते तेवढेच त्या वाटेने पलीकडे जाते. कोणी केव्हा काय बदलले, हा भाग मागेच राहतो आणि वादाच्या प्रसंगी नेमका तोच लागतो. ही अडचण कमी करण्यासाठी २००८ पासून ओएसएलसी हा खुला दंडक विकसित होऊ लागला व २०१३ पासून त्याचे काम ओॲसिस या मानकसंस्थेकडे आले. निरनिराळ्या कंपन्यांच्या साधनांनी परस्परांच्या नोंदी हलविण्याऐवजी त्या जागच्या जागी ठेवून दुव्यांनी जोडाव्यात, अशी त्यामागील कल्पना आहे. तीमुळे साधने एकत्र नांदू शकतात. मात्र मूळ साधन बंद पडल्यावर दुव्याच्या टोकाशी काही उरत नाही.

निवृत्त होणाऱ्या साधनाच्या बाबतीत तीन मार्ग प्रचलित आहेत. पहिला, सर्व नोंदी नव्या साधनात आणणे. हा सर्वांत खर्चिक असून चालू प्रकल्पांपुरताच परवडतो. दुसरा, जुने साधन केवळ वाचनासाठी चालू ठेवणे; यात परवान्याचा व सुरक्षेचा भार राहतो आणि ते साधन चालविणे माहीत असलेली माणसे कमी होत जातात. तिसरा, नोंदी सर्वसामान्य वाचनीय स्वरूपात बाहेर काढून अभिलेखागारात ठेवणे. यात शोधाची सोय घटते, पण नोंद कोणत्याही कंपनीवर अवलंबून राहत नाही. व्यवहारात तिन्हींचा मेळ घालतात. चालू नोंदी नव्या साधनात जातात, अलीकडच्या नोंदी काही काळ जुन्यात वाचता येतात व कायद्याने राखावयाच्या नोंदी साध्या स्वरूपात जपल्या जातात. या विभागणीचा निर्णय संगणक-विभागाने एकट्याने घ्यावयाचा नसतो. वस्तूच्या सुरक्षिततेस जबाबदार असणाऱ्यांचा त्यात सहभाग आवश्यक असतो.

मूल्यमापन : गेल्या तीन दशकांत चाचणी-व्यवस्थापन साधनांचे स्वरूप पुष्कळ बदलले. एका संगणकावरील आज्ञावलीपासून जालावरील सेवेपर्यंत त्यांचा प्रवास झाला आणि साधन दूरच्या संगणकावर दुसऱ्याने चालवून दर महिन्यास भाडे घ्यावे, ही पद्धती रुळली. या पद्धतीत आवृत्तीबदलाचा त्रास वापरणाऱ्यास होत नाही, परंतु नोंदही त्याच्या हाती राहत नाही. भाडे थांबले की नोंदवहीचे दार बंद होते. स्वयंचलित चाचण्या दररोज हजारोंनी घेतल्या जाऊ लागल्यामुळे निकालांचा साठा इतका वाढला आहे की, काय राखावे इतकेच काय टाकून द्यावे हेही ठरवावे लागते.

बाष्पित्राच्या कायद्याने मालकास घातलेले बंधन येथे पुन्हा आठवते. वस्तू देताना तिच्या चाचणीचा दाखलाही दिला पाहिजे, हे तत्त्व त्या काळी कागदाच्या एका पानाने पाळता येत असे. सॉफ्टवेअरच्या बाबतीत ते पाळण्यासाठी साधन निवडणारे, ते चालविणारे, त्याची देखभाल करणारे व अखेर ते बंद करणारे अशा अनेक हातांना वर्षानुवर्षे काम करावे लागते. या साखळीतील बरेच हात मुंबई, पुणे व नागपूर येथील अभियंत्यांचे आहेत. साधनाचे नाव व मालक बदलत राहतील. यंत्र कोणत्या कसोटीस उतरले होते हे पुढील पिढीस वाचता आले, तर त्या कामाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.